सरकारी बांधकामाची निविदा आणि लहान कंत्राटदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळाखोली, गटार, संरक्षक भिंत, गावजोड रस्त्याचा तुकडा, स्मशानभूमीची शेड अशी कामे घेणाऱ्या किंवा पहिल्यांदाच घेऊ पाहणाऱ्या महाराष्ट्रातल्या लहान कंत्राटदारांसाठी हे पान आहे. रकमांच्या मर्यादा शासन निर्णयांनी सारख्या हलतात. जिथे त्या हलत्या आहेत तिथे इथे आकडा मुद्दाम दिलेला नाही. तो ज्या-त्या निविदा सूचनेत वाचावा, सायबर कॅफेवाल्याच्या तोंडून ऐकू नये.

उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग म्हणून केंद्राकडची नोंदणी) काढले आहे. आता बांधकामाच्या निविदेत बयाणा (निविदेसोबत भरायची अनामत रक्कम) माफ होईल ना?

बहुतेक वेळा नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच एका मुद्द्यावर आहेत, म्हणून थोडे सविस्तर.

केंद्र सरकारने सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ च्या कलम ११ खाली २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदी धोरण आणले. केंद्राची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीतला ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा, असा त्याचा गाभा. आधी हा हिस्सा २० टक्के होता, २०१८ च्या दुरुस्तीने तो २५ टक्के झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी. निविदा संच मोफत, बयाणा माफ आणि दरातही सवलत: तुमचा दर सर्वात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वर असेल, तर तो कमी दर मान्य करून मागणीतला काही भाग तुम्हाला घेता येतो. ३५८ वस्तू तर फक्त याच उद्योगांकडून घ्यायच्या म्हणून राखून ठेवलेल्या आहेत.

पण हे सगळे वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे. बांधकामाचे कंत्राट, म्हणजे ज्याला कार्यकंत्राट म्हणतात ते, या धोरणात येत नाही, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने स्पष्ट केलेले आहे. शिवाय हे धोरण केंद्राच्या खरेदीदारांना बांधील आहे. जिल्हा परिषद किंवा नगरपालिका त्याखाली आपोआप येत नाही. त्यामुळे पहिल्या (तांत्रिक कागदपत्रांच्या) लिफाफ्यात बयाण्याच्या जागी उद्यमचा कागद जोडून मोकळे झालेले कंत्राटदार तांत्रिक छाननीतच बाद होतात आणि दर उघडण्याची वेळच येत नाही. निविदा सूचनेत सूट लिहिलेली असेल तरच ती आहे असे समजा. लिहिलेली नसेल, तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत बयाण्याची तयारी ठेवा.

मग उद्यम नोंदणी करूच नये का?

करावी. ती मोफत आहे. पॅन आणि आधारवर ऑनलाइन होते. पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत. पेव्हर ब्लॉक, सिमेंट पाइप, खिडक्यांच्या जाळ्या, प्रीकास्ट कठडे असे काही तुम्ही स्वतः बनवत असाल आणि केंद्राचे खाते ते थेट विकत घेत असेल, तर वरच्या सवलती तुमच्याच आहेत. माती परीक्षण, आराखडे, देखभाल अशा सेवांनाही दार उघडे असते. बँकेच्या कर्जासाठीही हा कागद लागतो.

१ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलली आहे. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म. गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. तालुक्याच्या पातळीवरचा जवळजवळ प्रत्येक कंत्राटदार यात बसतो.

तर मग बांधकामात लहानांना प्राधान्य कुठे मिळते?

राज्यात ते कामांच्या वाटपात आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदा ठरावीक रकमेपर्यंतची कामे तीन गटांत वाटतात: ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या नोंदणीकृत कंत्राटदारांना. हे वाटप काम वाटप समिती करते. अभियंत्यांच्या वाट्याची छोटी कामे अनेक ठिकाणी सोडत काढून देतात.

लहान माणसासाठी खरे राखीव दार हेच, आणि गंमत म्हणजे उद्यमच्या रांगेत उभे राहणाऱ्या अनेकांना ते माहीतच नसते. स्थापत्य शाखेची पदवी किंवा पदविका हातात असेल आणि नोकरी नसेल, तर कोणाच्या तरी परवान्यावर काम शोधत फिरण्याआधी बांधकाम विभागाकडे बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करा. ती ठरावीक मुदतीची असते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे ‘बघू नंतर’ म्हणत घालवू नका.

मजूर संस्थेचे काम आम्ही ‘चालवायला’ घेऊ शकतो का?

नियमाने नाही. मजूर सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. तिचे सभासद मजूर असावेत आणि काम त्यांनीच करावे, यासाठीच तिला हिस्सा दिलेला आहे. प्रत्यक्षात काय चालते ते जिल्ह्याजिल्ह्यात सर्वांना माहीत आहे: संस्थेच्या नावावर काम, काही टक्के संस्थेला, बाकी सगळा कारभार तिसऱ्याचा. ही पद्धत नैतिकदृष्ट्या कशी आहे ते ज्याचे त्याने ठरवावे. व्यवहार म्हणून मात्र ती तुमच्यासाठीच धोक्याची आहे. देयक संस्थेच्या खात्यात जमा होणार. अनुभव प्रमाणपत्र संस्थेच्या नावावर निघणार. वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रात उलाढाल संस्थेची दिसणार. पाच वर्षे राबूनही पुढच्या निविदेत दाखवायला तुमच्या नावावर एक काम नसते, आणि संस्थेच्या अध्यक्षाशी बिनसले तर पैसे मागायला कागदही नसतो.

बेरोजगार अभियंत्याचे नाव वापरून काम करणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे दोषाची जबाबदारी त्या पोराच्या डोक्यावर राहते. काळ्या यादीत जाते ते त्याचे नाव.

‘समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव’ म्हणजे किती?

केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या मार्गदर्शक सूचनांवरून आलेली मोजपट्टी बहुतेक मोठ्या निविदांत दिसते. गेल्या सात वर्षांत पूर्ण केलेली समान कामे पुढीलपैकी एका प्रकारे दाखवायची: अंदाजित किमतीच्या ४० टक्के किमतीची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक. म्हणजे १ कोटीच्या कामासाठी ४० लाखांची तीन, ५० लाखांची दोन किंवा ८० लाखांचे एक. सोबत गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित किमतीच्या ३० टक्के तरी हवी. राज्यातल्या निविदांत हे आकडे थोडे वेगळे असू शकतात.

वाद ‘समान’ या शब्दावर होतात. शाळाखोली बांधलेल्याला ग्रामपंचायत भवन समान आहे का? सर्वसाधारण बुद्धीने आहे. पण निविदेत ‘दोन मजली आरसीसी इमारत’ असे लिहिले असेल आणि तुमची शाळाखोली एकमजली पत्र्याची असेल, तर नाही. म्हणून पूर्णत्वाचा दाखला घेतानाच त्यात कामाचे वर्णन, क्षेत्रफळ, प्रकार, सुरू व पूर्ण झाल्याची तारीख आणि अंतिम रक्कम लिहून घ्या. ‘काम समाधानकारक पूर्ण केले’ एवढ्या एका ओळीचा दाखला घरात फ्रेम करून लावता येतो, निविदेला चालत नाही.

निविदा क्षमता (तुम्हाला आणखी किती रकमेचे काम झेपेल ते) कशी काढतात?

मोठ्या कामांत हे सूत्र येते: अ × न × २ − ब. ‘अ’ म्हणजे गेल्या पाच वर्षांतली कोणत्याही एका वर्षाची सर्वाधिक बांधकाम उलाढाल, चालू किमतीला आणलेली. ‘न’ म्हणजे काम पूर्ण करायची मुदत, वर्षांत. ‘ब’ म्हणजे त्याच मुदतीत करायच्या, हातात असलेल्या कामांची शिल्लक रक्कम. सूत्रातला गुणक निविदेनुसार बदलतो.

समजा तुमची सर्वाधिक उलाढाल ८० लाख, कामाची मुदत सहा महिने, हातात ३० लाखांचे काम शिल्लक. ८० × ०.५ × २ = ८०; त्यातून ३० वजा. क्षमता ५० लाख. काम ६० लाखांचे असेल तर अपात्र. हातातली कामे लपवून ‘ब’ शून्य दाखवणारे असतात. आता निविदा ऑनलाइन असल्याने एका खात्याला दुसऱ्या खात्याची माहिती काढणे अवघड राहिलेले नाही, आणि खोटे प्रतिज्ञापत्र हा बयाणा जप्त व्हायला पुरेसा आधार आहे.

बी-१ आणि बी-२ या कंत्राटाच्या नमुन्यांत फरक काय?

बी-१ मध्ये खात्याने सर्व बाबींचे दर दिलेले असतात. तुम्ही फक्त एकूण किमतीवर किती टक्के कमी किंवा जास्त ते सांगता. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर तुम्ही भरता. लहान कामे बहुतेक बी-१ वर निघतात.

बी-१ ची पुस्तिका जाड असते आणि ती न वाचता सही करायची आपल्याकडे परंपराच आहे. निदान तीन अटी वाचा. अट २: उशिरासाठी दिवसाला अंदाजित किमतीच्या १ टक्क्यापर्यंत भरपाई, एकूण मर्यादा १० टक्के. दहा दिवसांतच ही मर्यादा गाठू शकते. म्हणून पावसामुळे, जागेच्या वादामुळे किंवा खात्याने नकाशा उशिरा दिल्यामुळे काम थांबले, तर मुदतवाढीचा अर्ज त्याच वेळी द्या, काम संपल्यावर नव्हे. अट ३: काम काढून घेऊन तुमच्या खर्चाने दुसऱ्याकडून करून घेण्याचा अधिकार. अट ३८: एखाद्या बाबीचे प्रमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढले तरी तुमच्या निविदेच्याच दराने करावे लागते. खडक लागला, खोदाई वाढली, तर हीच अट अंगावर येते.

१८-२० टक्के ‘बिलो’ (अंदाजित किमतीपेक्षा कमी दर) भरल्याशिवाय काम मिळतच नाही. काय करावे?

सोडून द्यावे. हे लिहायला सोपे आणि करायला कठीण आहे, हे मान्य. पण हिशेब बघा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरविश्लेषणात कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरलेले असतात. राज्याच्या दरसूचीतही नफ्याचा भाग असतोच. २० टक्के खाली गेलात, तर नफा संपून तुम्ही सिमेंट-स्टीलच्या पैशांत हात घातलेला असतो. जवळची खाण, स्वतःची यंत्रे, रोखीची खरेदी यांतून पाच-सात टक्के वाचवणारे हुशार लोक आहेत. वीस टक्के वाचवणारा फक्त जाडी वाचवतो.

दुसरे म्हणजे, फार कमी दर भरला तर राज्यात अतिरिक्त सुरक्षा ठेव मागतात, आणि दर जितका खाली तितकी ती चढत जाते. ती वेळेत दिली नाही, तर बयाणा जप्त होऊन काम दुसऱ्याकडे जाते. शिवाय काम झाल्यावर दोष दायित्व कालावधी असतो, म्हणजे त्या काळात निघालेले दोष तुमच्या खर्चाने दुरुस्त करायचे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांना तो पाच वर्षांचा आहे आणि देखभालही त्यात येते. डांबर वाचवलेला रस्ता पहिल्याच पावसात सांगून टाकतो.

दहा लाखांचे रनिंग बिल (काम चालू असताना निघणारे देयक) निघाले तर हातात किती येतात?

बिल १० लाख, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर १ लाख ८० हजार. एकूण ११ लाख ८० हजार. (सरकारी कार्यकंत्राटावरचा कर १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. जुन्या कंत्राटांत वाढीव ६ टक्के कोणी भरायचे यावर बरीच भांडणे झाली.)

आता कपाती. वस्तू व सेवा कराची उगमकपात (टीडीएस) २ टक्के, म्हणजे २० हजार. कंत्राट अडीच लाखांच्या वर असेल तर ती होतेच. प्राप्तिकराची उगमकपात वैयक्तिक मालकीच्या फर्मला १ टक्का, १० हजार. भागीदारी किंवा कंपनीला ती २ टक्के. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, १० हजार. सुरक्षा ठेव कंत्राटात ४ टक्के लिहिली असेल तर ४० हजार. बँकेत जमा होतात ११ लाख.

यातला १ लाख ८० हजार तुमचा नाही. २० हजार कराच्या खात्यात आधीच जमा आहेत, म्हणून खरेदीवर भरलेल्या कराची वजावट धरली नाही तर आणखी १ लाख ६० हजार भरायचे. हातात राहतात ९ लाख ४० हजार. प्राप्तिकराचे १० हजार विवरणपत्रात वळते होतात, सुरक्षा ठेव दोष कालावधी संपल्यावर मिळते. उपकर मात्र गेला तो गेला. म्हणून दर भरताना तो धरा, आणि मजुरांची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी करून द्या. निदान त्यांना तरी त्यातून काही मिळेल.

दोन कपाती अशा आहेत की त्या तुमच्या आळसामुळे होतात. राज्याच्या विमा संचालनालयाची पॉलिसी काढली नसेल तर विम्यापोटी रक्कम कापतात. मुरूम, खडी, वाळूच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) पावत्या जोडल्या नसतील तर तेही कापतात, मग तुम्ही खाणवाल्याला ते आधी दिलेले असो वा नसो.

बिल थकले. ४५ दिवसांचा कायदा आहे ना?

आहे, पण पुन्हा तीच अडचण. २००६ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार सुविधा परिषदेकडे, म्हणजे याच कायद्याखाली थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, करता येते. निवाडा तुमच्या बाजूने लागला, तर समोरच्याला ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय तो रद्द करून मागता येत नाही. कागदावर इतका दणकट कायदा क्वचितच सापडतो.

मात्र कार्यकंत्राट या कायद्यात बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे. त्यामुळे निव्वळ बांधकामाच्या देयकासाठी परिषदेकडे गेलात तर पहिला आक्षेप हाच येतो. मोठ्या कंत्राटदाराला तुम्ही नुसते पाइप किंवा ब्लॉक पुरवले असतील, किंवा मोजता येईल अशी सेवा दिली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे हा कायदा जरूर वापरा. उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची असू द्या; नंतरच्या नोंदणीवरून न्यायालयांत वाद आहेत.

२०२३ च्या वित्त कायद्याने आणलेली तरतूदही लोक सांगतात: सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही. खाजगी कंपनीला याची भीती असते. सरकारी खाते प्राप्तिकर भरतच नाही, तर त्याला कसली भीती?

राहतो तो साधा रस्ता. मोजमाप पुस्तिकेत नोंद वेळेवर करून घ्या, देयक सादर केल्याची पोच घ्या, कार्यकारी अभियंत्याला दर महिन्याला एक लेखी स्मरणपत्र द्या. निधीच नाही असे उत्तर आले, तर तेही लेखी मागा. २०२५ मध्ये थकीत देयकांसाठी राज्यभरच्या कंत्राटदार संघटना रस्त्यावर आल्या होत्या. एकट्याच्या पत्राला जे वजन नसते ते संघटनेला असते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे निविदा भरण्याआधी त्या कामाच्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदराखाली) निधी उपलब्ध आहे का, हे विचारा. प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे पैसे आले, असे नव्हे.

खात्याशी वाद झाला तर लवाद नेमता येतो का?

बी-१ कंत्राटात सहसा नाही. त्यातल्या अट २९ आणि ३० प्रमाणे निर्णय अधीक्षक अभियंता देतो. ही लवादाची तरतूद नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे वरिष्ठांकडे अपील आणि मग दिवाणी न्यायालय. अपिलाच्या मुदती छोट्या असतात. निर्णयाची प्रत हातात पडल्याच्या दिवसापासून मोजायला लागा.

आमची निविदा चुकीने बाद केली. स्थगिती मिळेल?

मिळणे कठीण. पायाभूत प्रकल्पांच्या कामांना मनाई हुकूम देण्यावर विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ पासून बंधन आहे, आणि दुर्भावना किंवा उघड मनमानी दिसल्याशिवाय न्यायालये निविदेत हात घालत नाहीत. बाद केल्याचे कारण पोर्टलवर दिसताच त्याच दिवशी, दर उघडण्याआधी लेखी हरकत नोंदवा.

मोठ्या कामाचे तुकडे पाडून लहानांना दिले तर बिघडले कुठे?

हेतू बघावा लागतो. वेगवेगळ्या गावांतल्या पाच शाळाखोल्या पाच निविदांत काढणे योग्यच आहे. उलट त्या एकत्र बांधून ‘पॅकेज’ केले, तर अनुभवाची अट एवढी चढते की तालुक्यातला कोणीच पात्र राहत नाही. लहानांचे सर्वात मोठे नुकसान अशा एकत्रीकरणाने होते, आणि त्यावर फारसे कोणी बोलत नाही. पण एकाच सलग रस्त्याचे चार तुकडे करून प्रत्येक तुकडा ऑनलाइन निविदेच्या मर्यादेखाली किंवा खालच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीच्या मर्यादेत बसवणे याला नियमाने बंदी आहे. लेखापरीक्षणात तो आक्षेप हमखास निघतो. तेव्हा अधिकाऱ्याची चौकशी होते आणि तुमचे अंतिम देयक त्या चौकशीच्या फाइलखाली अडकून पडते. शेजारी-शेजारी साखळी क्रमांकांची (रस्त्यावरचे अंतर दाखवणाऱ्या आकड्यांची), एकाच दिवशी मंजूर झालेली चार कामे समोर आली, तर ‘आपले नशीब उघडले’ म्हणण्याआधी प्रशासकीय मान्यतेची प्रत मागून वाचा.

सुरुवात करायला काय काय लागते?

बांधकाम विभागाची योग्य वर्गाची नोंदणी, पॅन, वस्तू व सेवा कर क्रमांक, वर्ग ३ ची डिजिटल स्वाक्षरी आणि महाटेंडर्स पोर्टलवर खाते. केंद्राच्या कामांसाठी त्यांचे पोर्टल वेगळे. जेमवर (केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर) बांधकामे शोधत बसू नका, ती वस्तू आणि सेवांची बाजारपेठ आहे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. ते दुसऱ्याच्या हातात असेल, तर तुमच्या नावाने किती टक्के बिलो भरले गेले ते तुम्हाला दर उघडल्यावर कळेल.